गार हवेचा जमाखर्च

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा आपली टर्बो पेट्रोल गाडी घेऊन घरी आला, तेव्हा तिचे बोनेट उघडून दाखविण्याची त्याला जी घाई झाली होती ती पाहून, नव्या सुनेचे दागिने शेजारणींपुढे मांडणाऱ्या सासूची मला आठवण झाली. कारखान्याने दिलेली काळी प्लॅस्टिकची फिल्टरपेटी नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी चकचकीत ॲल्युमिनियमची नळी, व त्या नळीच्या टोकाला तांबड्या रंगाचा, शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर असा सरंजाम मांडलेला होता. बाजारात याला ‘कोल्ड एअर इनटेक’ म्हणतात. “मामा, आता गाडी मोकळा श्वास घेते बघ,” तो म्हणाला. मी कौतुकाने त्या नळीवर हात ठेवला आणि तत्काळ मागे घेतला; ज्या वस्तूच्या नावातच थंडपणाची ग्वाही दिली आहे ती वस्तू तव्यासारखी तापलेली होती.

थंड हवा दाट असते, दाट हवेत प्राणवायू अधिक असतो, प्राणवायू अधिक असला म्हणजे पेट्रोल अधिक जाळता येते आणि पेट्रोल अधिक जळले म्हणजे ताकद वाढते, ही तर्कमालिका शालेय पदार्थविज्ञानाच्या कसोटीला पूर्णपणे उतरणारी आहे, आणि म्हणूनच ती इतकी मोहक आहे. चाळीस अंश सेल्सिअसची हवा साठ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी दाट असते. एक किलो पेट्रोल पुरते जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि शंभर अश्वशक्तीचे इंजिन ऐन जोरात असताना मिनिटाला साडेचार ते पाच किलो, म्हणजे चार घनमीटरांहून अधिक, हवा गिळते. ज्या इंजिनाला टर्बो नाही आणि जे केवळ आपल्या पिस्टनच्या ओढीने बाहेरची हवा आत घेते, त्याच्या बाबतीत फिल्टरपाशी शिरलेली हवा जवळपास त्याच स्थितीत सिलिंडरात पोहोचत असल्यामुळे या सहा टक्क्यांना बराचसा अर्थ आहे. गैरसमजाचे मूळ येथेच आहे. बिनटर्बोच्या गाडीचा न्याय टर्बोच्या गाडीला जसाच्या तसा लावला जातो, आणि मध्ये काय घडते याची चौकशी कोणी करीत नाही.

मध्ये जे घडते ते पुष्कळ आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट मागितले तिचे सार इतकेच की, इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी. परंतु हवा दाबली की ती तापते. सायकलीच्या ट्यूबमध्ये हवा भरताना पंपाचे टोक बोटाला चटका देते, हा आपल्यापैकी प्रत्येकाचा लहानपणचा अनुभव आहे. आता दोन गाड्या कल्पाव्यात. पहिली बाहेरची चाळीस अंशांची हवा घेते, दुसरी बोनेटखालची साठ अंशांची. दोघींचा टर्बो हवेचा दाब दुप्पट करतो आणि दोघींच्या कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा दाबणाऱ्या चक्राची, कार्यक्षमता सत्तर टक्के आहे. हिशेब मांडला तर पहिलीची हवा टर्बोतून सुमारे १३८ अंशांवर आणि दुसरीची सुमारे १६४ अंशांवर बाहेर पडते. म्हणजे वीस अंशांचा फरक सव्वीस झाला, आणि नळी विकणाऱ्याचे म्हणणे येथपर्यंत खरेच ठरले. पण या हवेला सिलिंडरात प्रवेश मिळण्यापूर्वी इंटरकूलर नावाच्या नाक्यावरून जावे लागते, व हा नाका आलेल्या हवेच्या बाहेरच्या हवेहून अधिक असलेल्या उष्णतेपैकी पाऊण हिस्सा वसूल करून घेतो असे धरले तर पहिलीची हवा साडेचौसष्ट अंशांवर आणि दुसरीची एकाहत्तर अंशांवर येते. सव्विसाचे साडेसहा राहिले. आणि साडेसहा अंशांनी घनतेत पडणारा फरक दोन टक्क्यांच्या आतला आहे. तात्पर्य, टर्बोच्या गाडीत हवा किती गार पोहोचणार याचा निवाडा मुख्यतः इंटरकूलरच्या कचेरीत होतो, फिल्टरच्या दारात नव्हे.

बरे, हे दोन टक्के तरी पदरात पडतात काय? आधुनिक गाडीत हवा किती घ्यावयाची याची मुखत्यारी नळीकडे नसून ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडे, असते. चालकाने पेडल दाबले की हा कारभारी प्रथम ‘इतका टॉर्क हवा’ असा आकडा ठरवितो, त्या आकड्यास पुरेल इतकी हवा मोजून मागवितो आणि जास्तीचा धूर वेस्टगेट नावाच्या झडपेतून परस्पर बाहेर सोडून टर्बोला लगाम घालतो. फिल्टरपाशी थोडा अडथळा असला तर तो झडप किंचित अधिक मिटून तूट भरून काढतो. तुम्ही अडथळा दूर केलात तर झडप किंचित अधिक उघडून तो पूर्वीच्याच आकड्यावर येतो. नवी नळी बसविल्यावर त्याच्या दफ्तरात नोंद होते ती एवढीच की टर्बोला पूर्वीपेक्षा थोडे कमी राबावे लागले. चाकणच्या कारखान्यात तयार होऊन २०१३ साली आपल्याकडे बाजारात आलेली पोलो जीटी टीएसआय घ्या: १.२ लिटरचे इंजिन, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटनमीटर टॉर्क. या आकड्यांची मर्यादा त्या संगणकात लिहिलेली होती. ती फिल्टरच्या पेटीत अडकून पडलेली नव्हती.

येथे प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती निराधार नाही. टर्बोच्या आधी जो दाब गमावला जातो तो टर्बोच्या पटीने महाग पडतो, हे विधान खरे आहे. आणि नळीतील दाबाची घट हवेच्या प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट केला तर अडथळा चौपट होतो, हेही खरे आहे. म्हणून ज्याने मोठा टर्बो बसविला आहे, इंटरकूलर बदलला आहे, संगणकाचे रिमॅपिंग करून मूळ मर्यादा उठविली आहे आणि ज्याची वेस्टगेटची झडप पूर्ण मिटूनही टर्बो मागणी पुरी करू शकत नाही, त्याच्या गाडीत मूळ पेटी ही खरोखरीची अडचण ठरू शकते व चांगल्या बनावटीचा इनटेक तेथे आपली किंमत वसूल करतो. कडक उन्हात नॉकिंगच्या, म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटण्याच्या, भीतीने संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो, तेव्हा गार हवेचा उपयोग मूळ स्थितीतल्या गाडीलाही थोडा होतो. पण त्यासाठी गार हवा मिळाली पाहिजे, आणि भाच्याच्या गाडीत नेमकी तीच मिळत नव्हती.

कारण कारखान्याची पेटी हीच मुळात ‘कोल्ड एअर इनटेक’ असते. आपल्या गाडीचे बोनेट उघडून फिल्टरपेटीपासून निघालेला काळा मार्ग बोटाने चाचपत पुढे जावे. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या जाळीच्या मागे, नाही तर हेडलाइटच्या बाजूच्या पोकळीत, बाहेरच्या हवेत उघडलेला सापडेल. वाटेत एखादा फुगीर, बंद कप्पा लागतो. तो निरुपयोगी आहे असे समजून पुष्कळ जण तो काढून टाकतात. वस्तुतः तो इंजिनाची घरघर शोषून घेण्यासाठी मुद्दाम योजलेला असतो. ही सारी रचना काढून तिच्याऐवजी बोनेटखाली उघडा शंकू लटकवणे म्हणजे खिडकीतून येणारा वारा बंद करून चुलीपाशी पंखा लावणे होय. माझ्या हाताला बसलेल्या चटक्याचा मात्र कोणी विपर्यास करू नये. पूर्ण जोरावर हवा त्या हातभर नळीतून सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात निघून जाते, आणि इतक्या अवधीत धातूची उष्णता तिला फारशी लागत नाही. तेव्हा नळी ॲल्युमिनियमची असावी की प्लॅस्टिकची यावर जे वाद रंगतात ते बरेचसे निष्फळ आहेत. फिल्टर कोठे बसला आहे, एवढाच प्रश्न खरा.

मग गाडी पळते असे वाटते, ते का? आवाजामुळे. तो शोषक कप्पा गेला, पेटीच्या भिंती गेल्या, आणि टर्बोची शीळ व पेडल सोडल्यावरचा तो सुस्कारा थेट कानावर येऊ लागला. आणि कानाने दिलेली साक्ष मन वेगाच्या खात्यात जमा करते. या आवाजासाठी कोणी पैसे मोजले तर त्याला मी वेडा म्हणणार नाही. हौसेला मोल नसते. फक्त खरेदी कसली झाली हे त्याने स्वतःशी कबूल करावे. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, काढलेले आलेख दाखवून ‘इतके घोडे वाढले’ असे सांगितले जाते, तेथेही थोडी उलटतपासणी करावी: बोनेट उघडे होते काय, समोर मोठा पंखा लावला होता काय, दोन्ही चाचण्यांच्या मध्ये इंजिन सारखेच तापलेले होते काय? त्याच गाडीची लागोपाठ दोनदा चाचणी केली तरी एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो, आणि सांगितलेला लाभ पुष्कळदा त्याच मापाचा असतो.

मायलेज वाढते हा समज तर दोन वाक्यांत निकालात काढण्यासारखा आहे. पेट्रोल इंजिन सावकाश चालताना त्याचा थ्रॉटल स्वतःच हवेची वाट अडवून बसलेला असतो, तेव्हा फिल्टरचा अडथळा कमी करून इंधन वाचत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरनेही मायलेजवर लक्षणीय परिणाम झालेला आढळला नाही.

लाभाची बाजू अशी तोकडी असताना खर्चाची बाजू मात्र भरभक्कम आहे, आणि ती केवळ नळीच्या किमतीपुरती नाही. आपल्या रस्त्यांवरची धूळ मुख्यतः वाळूच्या जातीची, म्हणजे पोलादी चाकूच्या पात्यावरही ओरखडा काढणारी असते. टर्बोचे कॉम्प्रेसर-चक्र ॲल्युमिनियमचे, त्याच्या पाकळ्यांच्या कडा कागदासारख्या पातळ, आणि लहान टर्बोत ते मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेत असते. फिल्टरमधून निसटलेला कण त्या कडेवर आदळला की ती झिजते, खडबडीत होते, आणि एकदा झिजलेली कड पुन्हा उगवत नाही. कारखान्याचा घड्यांचा कागदी फिल्टर ही धूळ अडविण्यात अत्यंत तरबेज असतो, आणि हजारो किलोमीटरांची धूळ पोटात घेऊनही हवा सोडता यावी म्हणूनच त्याचे क्षेत्रफळ ऐसपैस ठेवलेले असते. तेलात भिजवलेला सुती फिल्टर हवा मोकळी सोडतो खरा, पण जाळी जितकी मोकळी तितकी ती धुळीलाही मोकळी असण्याचा संभव अधिक. शिवाय धुतल्यावर हौसेने जरा जास्त तेल ओतले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या केसासारख्या तारेवर जाऊन बसते आणि मापन बिघडते. ज्या गाड्यांत असा सेन्सर नळीतच असतो तेथे नळीचा व्यास बदलला की मापही बदलते: व्यास एक दशांशाने वाढला तर छेदाचे क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते, सेन्सरला हवा प्रत्यक्षापेक्षा कमी भासते आणि त्या चुकीच्या हिशेबावर पेट्रोल कमी पडते.

उलट, शंकू बोनेटखाली न ठेवता खरोखर गार जागी, म्हणजे बंपरच्या मागे खाली उतरविला, तर उन्हाळ्याचा प्रश्न सुटतो आणि पावसाळ्याचा उभा राहतो. अंधेरीचा भुयारी मार्ग दर जुलैत कसा भरतो हे मुंबईकरास सांगावयास नको. अशा पाण्यातून जाताना खालचा फिल्टर बुडाला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढते; पाणी दबत नाही, म्हणून वर आलेला पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरलेले नसते. इंजिन संरक्षणाची पुरवणी वेगळी घ्यावी लागते, आणि नळी मूळची नाही हे पाहिल्यावर वॉरंटीचा कारकून कोणता शेरा मारील ते सांगण्यास ज्योतिषी नको. कॅलिफोर्नियात असा भाग सार्वजनिक रस्त्यावरील गाडीत वापरावयाचा तर तेथील वायुसंसाधन मंडळाच्या सूट-आदेशाचा क्रमांक त्यावर लागतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांना आवर घालते.

पैसे खर्चच करावयाचे असतील तर माझा क्रम असा राहील: मूळ फिल्टर वेळेवर, आणि धुळीच्या भागात पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच, बदलावा, इंटरकूलरच्या जाळीत अडकलेली माती व किडे साफ करवून घ्यावेत, आणि त्यातूनही ताकद वाढविण्याची इच्छा उरली तर इंटरकूलर आणि जाणत्या माणसाकडून रिमॅप यांचा विचार करावा, नळीचा सर्वांत शेवटी. मूळ स्थितीतल्या टर्बो गाडीला बाजारातला कोल्ड एअर इनटेक बसविण्यात, आवाजाची हौस सोडली तर, काही हशील नाही. ज्यांनी तो आधीच बसविला आहे त्यांना एकच विनंती: कारखान्याची काळी पेटी, तिच्या क्लिपा आणि स्क्रूंसकट, भंगारात न देता माळ्यावर जपून ठेवा, गाडी विकावयास काढाल तेव्हा जाणते गिऱ्हाईक आधी तीच मागेल.