लखपतचा वळसा

कच्छ म्हटलं की बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांत एकच बेत ठरतो. थंडीतली एखादी पौर्णिमा, पांढरं रण, भुजोडीची शाल आणि परत. आम्हीही तोच बेत करून निघालो होतो. पण गाडीत कॉलेजला जाणारी दोन मुलं होती आणि दोघांचाही जन्म २००१ नंतरचा. २६ जानेवारी २००१ चा भूकंप म्हणजे त्यांच्या लेखी पुस्तकातला एक परिच्छेद. म्हणून रणाचा एक दिवस कमी केला आणि गाडी समुद्राच्या बाजूने घेतली: अंजार, भुज, मांडवी, नारायण सरोवर आणि शेवटी लखपत. भुजहून लखपतला सरळ रस्ताही आहे, पण किनाऱ्याने गेलं तर अंतर जवळपास दुप्पट होतं. तरी हा वळसा घ्याच, असं मी सांगेन.

अहमदाबादहून हळवद, माळियामार्गे जाताना सुरजबारीचा पूल लागतो. दोन्हीकडे खाडी, मिठागरं आणि पक्षी. मुलं फोटो काढत होती. २००१ मध्ये या पुलालाही तडाखा बसला आणि कच्छकडे निघालेली मदत रखडली. पूल ओलांडला की थोड्या वेळात भचाऊ येतं. त्या सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी हे गाव जवळजवळ पूर्ण झोपलं. सरकारी नोंदीप्रमाणे त्या भूकंपात १३,८०० च्या आसपास माणसं गेली. आज रस्त्यावरून जाताना त्यातलं काही दिसत नाही. दिसतात ते कारखाने, ट्रक आणि ढाबे.

अंजारला आम्ही मुद्दाम थांबलो. तो प्रजासत्ताक दिन होता आणि शाळांची मिरवणूक गावातल्या अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरं मुलांवर कोसळली. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. त्यांच्या आठवणीसाठी उभारलेलं वीर बाळक स्मारक २०२२ मध्ये खुलं झालं. तिथे आमच्या गाडीतली बडबड आपोआप थांबली. याच अंजारला १९५६ च्या जुलैतही भूकंप झाला होता आणि शंभरावर माणसं गेली होती. म्हणजे २००१ मध्ये गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी तो दुसऱ्यांदा पाहिला. आज बाजारात अंजारचे प्रसिद्ध अडकित्ते आणि सुऱ्या पूर्वीसारख्याच मिळतात.

भुजमध्ये भुजियो डुंगरावरचं स्मृतिवन पाहायला अर्धा दिवस ठेवा. तिथल्या पाणी साठवणाऱ्या बंधाऱ्यांच्या भिंतींवर गेलेल्या १२,९३२ जणांची नावं आहेत. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते गावातून पायी फिरणं. जुन्या कोटाच्या आतल्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या होत्या की ढिगाऱ्याने वाटाच बुजल्या. नंतर नगररचना करताना रस्ते रुंद झाले आणि त्यासाठी अनेकांच्या जागेचा काही भाग गेला. आधीच घर गेलेलं, त्यात जमिनीचा तुकडाही सोडायचा! आज त्या रुंद रस्त्यावर आपण आरामात गाडी लावतो, तेव्हा हे आठवावं.

मराठी माणसाला इथे किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवदाचं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. तिथे अनेक गावं संपूर्ण उठवून नव्या जागी वसवली गेली. नव्या वसाहतीची सरळ रेघांतली घरं शेतकरी कुटुंबांच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. कच्छमध्ये बहुतेक गावांनी मूळ जागा सोडायला नकार दिला. सरकारने हप्त्याहप्त्याने पैसे दिले, इंजिनियरांनी बांधकाम तपासलं आणि घर ज्याचं त्याने उभं केलं.

भुजहून मांडवी साधारण ६० किलोमीटर. रुक्मावतीच्या काठावर अजूनही लाकडी जहाजं बांधतात. तीन मजली घराएवढा सांगाडा आणि त्यावर चढलेले सुतार बघत मुलं तासभर हलली नाहीत. दाबेली मांडवीचीच म्हणतात. आपल्याकडच्यापेक्षा तिखट लागली. पुढे नलियानंतर वस्ती विरळ होते. कोटेश्वरच्या देवळामागे जमीन संपते आणि खाडी सुरू होते.

तिथून लखपत. सात किलोमीटर लांबीचा भक्कम कोट आणि आत जवळजवळ कुणीच नाही. एकेकाळी हे भरभराटीचं बंदर होतं. रोज लाख कोरींचं उत्पन्न, म्हणून लखपत, असं सांगतात. कोरी म्हणजे कच्छ संस्थानाचं नाणं. सिंधू नदीची एक शाखा इथे वाहायची, आसपास भात पिकायचा. वरच्या भागात बांध घातल्याने पाणी आधीच आटत चाललं होतं. १६ जून १८१९ च्या भूकंपाने उरलंसुरलं संपवलं. उत्तरेला रणात कित्येक किलोमीटर लांबीची जमीन उंच उचलली गेली. लोकांनी तिला अल्लाह बंध, म्हणजे देवाने घातलेला बांध, असं नाव दिलं. सिंदरीचा किल्ला पाण्यात बुडाला. लखपतचा कोट मात्र उभा राहिला. गेलं ते पाणी, मग व्यापार, मग माणसं.

कोटावरून समोर नुसता चिखल आणि मीठ दिसतं. "मग भुज का नाही ओस पडलं?" मुलीने विचारलं. भुजचं पाणी आणि रस्ते राहिले, बाहेरून मदत आली आणि माणसं जागा सोडून गेली नाहीत, एवढं मी सांगू शकले. इथल्या गुरुद्वारालाही २००१ मध्ये तडे गेले होते. त्याची दुरुस्ती इतकी नीट झाली की २००४ मध्ये युनेस्कोने तिचा गौरव केला.

परतताना बन्नीतले भुंगे पाहिले. गोल मातीची भिंत, वर हलकं गवताचं छप्पर. नीट बांधलेले भुंगे २००१ मध्ये टिकले. उलट केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. आपल्यातले कितीतरी जण आज अशाच इमारतींत राहतात. सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगाच्या खर्चाबरोबर खांबांची तपासणीही विषयपत्रिकेवर घ्या. पार्किंगमध्ये जागा हवी म्हणून कुणी खांब तासत असेल, तर वेळीच थांबवा.

जाणार असाल तर मांडवी पहाटे सोडा, नलियाला पेट्रोल भरा, पाणी भरपूर ठेवा आणि सीमाभाग असल्याने ओळखपत्र जवळ असू द्या. आणि निघण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, त्या सकाळी ते कुठे होते. बडोद्यालाही हादरे चांगलेच जाणवले होते. आमच्या सासूबाई गॅसवरचं दूध तसंच टाकून जिना उतरल्या होत्या. नातवंडांनी ही गोष्ट या प्रवासातच पहिल्यांदा ऐकली.