गुरुचरित्राचे वाचक आणि दासोपंतांची शाई

मराठी घरांतून गेली काही शतकं खंड न पडता वाचल्या गेलेल्या ग्रंथांत कलबुर्गी जिल्ह्यातला एक ग्रंथ अगदी वरच्या रांगेत बसतो. अफजलपूर तालुक्यात भीमा आणि अमरजा जिथे भेटतात, त्या गाणगापूरभोवती सोळाव्या शतकात सरस्वती गंगाधरांनी ‘गुरुचरित्र’ रचलं. त्यात बीदरही आहे. पूर्वजन्मीचा रजक पुढे वैदुरानगरीचा, म्हणजे बीदरचा, यवन राजा होतो, मांडीला फोड येतो आणि तो बरा व्हावा म्हणून नृसिंहसरस्वती स्वामींना शोधत निघतो, ही कथा शेवटाकडे येते. कवीची मातृभाषा कानडी असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मराठी आपल्याला नीट येत नाही, हे तो स्वतःच ग्रंथात सांगतो, मध्येच कानडी पदंही देतो. तरी त्याने हजारो ओव्या मराठीतच लिहिल्या.

आज कर्नाटकातल्या औराद, कमालनगर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या सीमेलगतच्या पट्ट्यातल्या मराठी लेखकाशी बोलायला बसलं, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “लिहून काय उपयोग, वाचक कुठाय?” या प्रश्नाने चांगली लिहिणारी माणसं दोन पुस्तकांनंतर गप्प झाली आहेत, म्हणून तो मला गंभीर वाटतो. माझं म्हणणं असं, की वाचक आहे. त्याला वाचायला निमित्त लागतं. ते निमित्त निर्माण करणं हेच या भागात पुस्तकाच्या प्रसाराचं खरं काम आहे, आणि लेखकाची लिहिण्याची उमेदही त्यातूनच टिकते. ही गोष्ट या मातीला नवी नाही.

गुरुचरित्राचंच पाहा. गाणगापूरच्या दुकानांत ही पोथी मोठ्या टायपात, जाड बांधणीत मिळते. ती विकत घेणाऱ्याला कधी वाचायची, किती वाचायची, कुठे थांबायचं, हे सगळं सोबत मिळतं. सप्ताहाची एक रूढ वाटणी अशी: पहिल्या दिवशी ९ अध्याय, मग २१पर्यंत, २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी ५२. आधी संकल्प, शेवटी समाप्ती आणि प्रसाद. वाचलं तर काय मिळेल, ते फलश्रुती सांगते. घरात एक जण वाचतो, चार जण ऐकतात, समाप्तीला शेजारपाजार जेवायला येतो, आणि त्यातलाच कुणी पुढच्या वर्षी स्वतः पारायणाला बसतो. पुस्तकाची गाठ अशी वर्षाच्या एका ठरलेल्या आठवड्याशी बांधली गेली. या परंपरेतली एक गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. बायकांनी ही पोथी वाचू नये, असा दंडक अनेक घरांत चालला आणि निम्मा वाचकवर्ग केवळ श्रोता म्हणून मागे बसवला गेला.

याच प्रदेशाने दुसऱ्या टोकाचा लेखकही दिला. दासोपंतांचा जन्म १५५१चा, बीदरच्या बादशाही मुलखातल्या नारायणपेठच्या देशपांडे घराण्यातला. वसुलीच्या थकबाकीपायी कोवळ्या वयात त्यांना बीदरला ओलीस ठेवलं होतं आणि दत्ताजी पाडेवार नावाच्या माणसाच्या रूपात दत्ताने रक्कम भरून सोडवलं, अशी आख्यायिका आहे. पुढे ते अंबाजोगाईला राहिले आणि १६१५ साली वारले. गीतेवरचा त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. त्यांना लिहायला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, असं परंपरा सांगते. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी कापडावर लिहिलं. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी ती ‘पासोडी’ अंबाजोगाईत जपलेली आहे.

लिहिण्याची प्रेरणा म्हणून याहून मोठं उदाहरण मराठीत शोधावं लागेल. आणि तरी त्या सव्वा लाख ओव्यांतला फार थोडा भाग छापला गेला. सामान्य वाचकाच्या हाती तर त्याहून कमी आला. दासोपंत कवी म्हणून गुरुचरित्रकारांपेक्षा कमी नव्हते. मला विचाराल तर भाषेवरची त्यांची पकड अधिकच आहे. पण त्यांच्या ग्रंथाला सात दिवसांत बसवणारं कुणी भेटलं नाही. ऐकणारी मंडळी ठरलेली नसली, की सव्वा लाख ओव्याही बाडात राहतात. सीमाभागातल्या लेखकाने या दोघांना शेजारी ठेवून पाहावं, असं मला फार वाटतं.

मधल्या काळात दोन नावं घ्यायलाच हवीत. बीदरच्या बहामनी घराण्यातले मानले जाणारे शहा मुंतोजी कल्याणीच्या सहजानंदांचे शिष्य झाले, मृत्युंजय म्हणून ओळखले गेले आणि त्यांनी ‘सिद्धसंकेत प्रबंध’ मराठीत लिहिला. दुसरे माणिकप्रभू. जन्म १८१७चा, लाडवंतीचा. कर्मभूमी हुमनाबादेजवळचं माणिकनगर. त्यांनी पदं रचली ती मराठीत, कानडीत आणि हिंदी-उर्दूतही. त्यांच्या दरबारात जो जमाव बसे त्याला या सगळ्या भाषा कळत, म्हणून कवीही त्या सगळ्या भाषांत गायला. समोर कोण बसलं आहे हे पाहून लिहिणं त्यांनी कमीपणाचं मानलं नाही.

निजामी राजवटीत ऐकणाऱ्यांना एकत्र जमवणंच अवघड झालं. वरचं शिक्षण उर्दूतून. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. सभा घ्यायची तर परवानगी हवी, त्यासाठी ‘गश्ती निशाण ५३’ हे परिपत्रक होतंच. अशा काळात गुलबर्ग्याचं, म्हणजे आजच्या कलबुर्गीचं, नूतन विद्यालय, १९०७ साली सुरू झालेलं, मराठी वाचणाऱ्या पिढ्या घडवत राहिलं. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं. ते पुण्याहून निघे, हैदराबाद संस्थानात बंदी येई, मग नाव बदलून पुन्हा निघे. अंक हातोहात फिरत, कारण त्यात आपल्याबद्दलच लिहिलेलं आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असे. सेतुमाधवराव पगडी याच मुलखातले. १९१० साली निलंग्याला जन्मले, तेव्हा निलंगा बीदर जिल्ह्यात होतं. फारसी साधनं वाचून त्यांनी मराठीत जो इतिहास आणला, त्यामागे या बहुभाषिक प्रदेशाचं शिक्षण उभं आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. राजकारणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पुस्तकांच्या बाबतीत काय झालं, त्याकडे मात्र कमी लक्ष गेलं. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याने अनुदानित ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. अकरा-बारा हजार ग्रंथालयं मराठी प्रकाशकाचं पहिलं गिऱ्हाईक ठरली. ते अनुदान राज्याच्या सीमेवर थांबतं. कर्नाटकाची ग्रंथालय खरेदी साहजिकच कानडी पुस्तकांकडे झुकलेली. म्हणजे बीदर, भालकी, कमालनगर, उदगीर ही गावं एकाच रेल्वेमार्गावर असूनही उदगीरच्या वाचनालयात सहज येणारं पुस्तक कमालनगरला पोचायला एखाद्या पाहुण्याची पिशवी लागते.

संस्था अगदीच नाहीत, असं नाही. गुलबर्ग्याची कर्नाटक राज्य मराठी साहित्य परिषद अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाशी संलग्न आहे. २०२२च्या एप्रिलमध्ये ९५वं मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरलं, भारत सासणे अध्यक्ष होते. सीमेपलीकडच्या लेखकाला आपल्या अंगणात आल्यासारखं वाटावं, इतकं ते जवळ होतं.

आता आजच्या पुस्तकाचं काय होतं ते पाहा. कवितासंग्रह निघतो, तीनशे-पाचशे प्रती. बऱ्याचदा पैसे लेखकाचेच. प्रकाशन सोहळा होतो; शाल, श्रीफळ, चार भाषणं. भाषण करणाऱ्यांपैकी एखाद्यानेच पुस्तक आधी वाचलेलं असतं. कवीने कविता वाचायच्या वेळेपर्यंत सभागृह रिकामं होऊ लागतं. ‘सप्रेम भेट’ लिहून शंभरेक प्रती जातात आणि उरलेले गठ्ठे कपाटावर चढतात. या सोहळ्यातली भाषणं दोनवर आणावीत आणि कवीला पूर्ण पाऊण तास द्यावा. एवढा एक बदल केला, तरी लोक पुस्तक विकत घेतात. कारण कानाने पसंत केलेली ओळ माणसाला घरी न्यावीशी वाटते.

पाठवणीचा प्रश्नही खरा आहे. १८ डिसेंबर २०२४ला टपाल खात्याची नोंदणीकृत पुस्तक-टपालाची जुनी सवलत बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांचं कंबरडं मोडलं. १ मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. गठ्ठ्याने मागवलं तर पुष्कळ स्वस्त पडतं. एकेकट्या लेखकाने धडपडण्यापेक्षा भालकी किंवा बसवकल्याणच्या पाच लेखकांनी मिळून मागणी नोंदवावी, एकमेकांची पुस्तकं एकाच पार्सलात पाठवावीत.

आणि लिहायचं काय, हाही प्रश्न आहेच. सीमेलगतच्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे १९८४ साली ‘अक्करमाशी’ घेऊन आले, ते याच सरमिसळ बोलीचं आणि इथल्याच दाहक अनुभवांचं भांडवल घेऊन. ते पुस्तक अनेक भाषांत गेलं. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी आपली भाषा घासूनपुसून घेतली पाहिजे, हा इथल्या नवलेखकाचा समज मला घातक वाटतो. दुसरं काम अनुवादाचं. उमा आणि विरूपाक्ष कुलकर्णी या अनुवादक दांपत्याच्या घरात विरूपाक्ष कानडी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करत आणि उमाताई ते ऐकून मराठीत आणत. कानडी कादंबरीकार भैरप्पा मराठी घराघरांत पोचले, ते या वाचून दाखवण्यातून. बीदरमध्ये दोन्ही भाषा बोलणारी माणसं गल्लोगल्ली असताना अशा जोड्या इथे का नसाव्यात?

दिवाळीनंतर साधारण सहा आठवड्यांनी दत्तजयंती येते. माणिकनगर आणि गाणगापूर, दोन्हीकडे यात्रेला दोन्ही राज्यांतली माणसं लोटतात. परिषदेने तिथे एक टेबल मांडावं, दहा-बारा नवी पुस्तकं ठेवावीत आणि रोज संध्याकाळी अर्धा तास एका लेखकाने वाचावं. वाचणाऱ्यांत बायका आवर्जून असाव्यात.

यात्रेला न येणारी तरुण मुलं हा त्यापुढचा वाचक. औराद-भालकीच्या मराठी घरांतली बरीच मुलं आता कानडी नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी त्यांना ऐकून पुरती कळते. देवनागरी हिंदीमुळे ओळखीची, पण वाचायचा वेग मंद. छापील कादंबरी त्यांच्या हाती दिली तर ती पंधराव्या पानावर थांबतात, तीच आजीच्या किंवा लेखकाच्या आवाजात मोबाइलवर आली तर ऐकत बसतात. म्हणून ज्यांची पुस्तकं कपाटावर आहेत, त्यांनी या हिवाळ्यात पहिली दोन प्रकरणं स्वतः वाचून मुद्रित करावीत आणि शाळेच्या, नात्यागोत्याच्या गटांवर टाकावीत. स्टुडिओ नको, शहरी उच्चार तर मुळीच नकोत. घरात बोलतो तसंच, कानडी हेल ठेवून वाचावं.