अ‍ॅक्सिस लिमिटला गेला? आधी अलार्मचा नंबर वाचा

टेबल सरकता सरकता थबकतं आणि स्क्रीनवर ओव्हरट्रॅव्हल झळकतं. व्हीएमसी चालवणाऱ्या नव्या मुलांचा हात लगेच रिसेटकडे जातो. थांबा, आधी नंबर बघा.

फानुकच्या ०आय कंट्रोलवर ५०० किंवा ५०१ असेल तर ती सॉफ्ट लिमिट. ५०० प्लस बाजूची, ५०१ मायनसची. ही हद्द १३२० आणि १३२१ या पॅरामीटरमध्ये आकड्यांत लिहिलेली असते. जॉगने उलट दिशेला बाहेर काढा, मग रिसेट. झालं काम.

५०६ किंवा ५०७ म्हणजे प्रकरण पुढे गेलंय, खरा लिमिट स्विच दाबला गेलाय. बऱ्याच मशीनवर हा स्विच इमर्जन्सीच्या वायरिंगमध्येच असतो, त्यामुळे सर्व्होच बंद पडतो. मग ओव्हरट्रॅव्हल रिलीजचं बटण दाबून धरायचं, रिसेट करायचं आणि हँडलने अ‍ॅक्सिस मागे घ्यायचा. इथे घाई नकोच! बटण दाबलेलं असताना त्या स्विचचा पहारा उठलेला असतो. दिशा चुकली तर बॉलस्क्रू आणि बेअरिंगवर घाव. मी हँडल ×१० वर ठेवतो, एका टिकेला ०.०१ मिमी, आणि पहिल्या दोनचार टिकांना स्क्रीनवरचा आकडा कुठे चाललाय ते बघतो.

अ‍ॅक्सिस मधोमध असताना हार्ड लिमिट आली तर? एकदा कव्हर उघडलं तेव्हा स्विचचा प्लंजर चिप्स आणि चिकट कूलंटने आतच अडकलेला सापडला. पुसल्यावर टक् करून बाहेर आला.