रुग्णाला विचारलं का?

मुळशी तालुक्याच्या एका अंगाला हिंजवडीचं आयटी पार्क आहे, दुसऱ्या अंगाला ताम्हिणीचा पाऊस. आजार मोठा निघाला की धरणाकाठच्या गावातून पौडमार्गे पुणं गाठायचं, आणि तिथं उपचार ठरतात ते बहुतेकदा डॉक्टर आणि शहरात नोकरी करणारा मुलगा यांच्यात. ‘आईला काही सांगू नका, धीर सोडेल’ ही विनंती मायेपोटीच होते. पण ज्याचं दुखणं त्यालाच बाहेर ठेवून झालेल्या निर्णयाला एकत्र निर्णय कसं म्हणायचं? घरच्यांना विचारलं म्हणजे रुग्णाला विचारलं, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे.

सर्वोच्च न्यायालयानं हा गैरसमज १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात खोडून काढला. तपासणीसाठी भूल दिलेल्या समीरा कोहली यांच्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजकोश काढले होते. रुग्ण सज्ञान, जिवाला तातडीचा धोका नाही, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. म्हणून आईची संमती पुरेशी नाही, असं न्यायालयानं ठरवलं.

मग घरच्यांचं काम काय? भरपूर आहे, कारण ठरलेले उपचार निभावायचे घरातच असतात. उदाहरणार्थ, डायलिसिस सहसा आठवड्यातून तीनदा लागतं. भरपावसात घाटाकडच्या वस्तीतून गाडी मिळेल का, भातलावणीच्या दिवसांत सोबत कोण येणार, मजुरी किती बुडणार, हे केसपेपरवर नसतं. ते विचारलं नाही तर उत्तम उपचारही महिन्याभरात सुटतात. वारज्याला १९९७पासून सुरू असलेल्या सिप्लाच्या पॅलिएटिव्ह केअर केंद्रात रुग्णाची शुश्रूषा घरच्यांनाही शिकवली जाते, ती याचसाठी.

डॉक्टर म्हणतील, एवढा वेळ कुठाय? निर्णयाला मदत करणाऱ्या माहितीपत्रकांसारख्या साधनांवरच्या १०५ अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१७ साली निघाला. त्यात रुग्णांची समज वाढलेली दिसली आणि भेटीची वेळ साधारण अडीच मिनिटांनी लांबली. आपल्या गर्दीच्या ओपीडीत ही अडीच मिनिटंही जड आहेत, हे मान्य. पण पर्याय समजावण्याचं बरंचसं काम प्रशिक्षित परिचारिका किंवा समाजसेवक करू शकतात. खेड्यातल्या माणसाला यातलं काय कळणार, हा आक्षेप तर टिकतच नाही. पेरणी, कर्ज, जमिनीची वाटणी असे जोखमीचे निर्णय तो आयुष्यभर घेत आलेला असतो. ‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा’ असं कुणी म्हणालं, तर पर्याय ऐकल्यानंतर तोही त्याचाच निर्णय. आणि धीर सुटण्याची भीती खरी असली, तरी किती ऐकायचं हे आधी रुग्णालाच विचारता येतं.

तेव्हा पुढच्या वेळी संमतीपत्र समोर आलं की डॉक्टरांना विचारा : दुसरा उपाय कोणता, आणि काहीच केलं नाही तर काय होईल? उत्तर मात्र खाटेवरच्या माणसासमोर द्यायला सांगा.