दैनंदिन श्रम आणि हृदय-श्वसनक्षमता

‘वैद्यराज, दिवसभर उभाच असतो, निराळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न रुग्ण विचारतात, तसेच औषधालयात दिवस काढणारे आपले व्यवसायबंधूही. परंतु उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे. श्रमसमयी शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ही हृदय-श्वसनक्षमता होय. श्वासगती वाढविणारे श्रम नित्य घडले, तरच ती वाढते.

लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील जिने चढणाऱ्या वाहकांत बैठ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी आढळला, हे जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये मांडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगितले. भरभर चालणे, सायकल, जिना हे सारे त्यात जमेस धरावे.

मात्रा कोणती? मध्यम श्रमात बोलता येते, गाता येत नाही. सुश्रुतोक्त बलार्धाची सीमा त्यापुढची. तोंडाने श्वास सुरू होताच थांबावे.

प्रत्येक रुग्णास विचारावे, ‘पूर्वी सहज चढत होता त्या जिन्यावर आता धाप लागते का?’ उत्तर ‘होय’ आल्यास व्यायाम सांगण्यापूर्वी हृदयपरीक्षण करवावे.