काठीच्या मापाची चांदणी

सकाळी ७. वसईत डिसेंबरच्या सकाळी हवेत ओल असते, म्हणून कागद प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवलाय. ओल धरलेला कागद कापताना कडेला तूस निघतं. ऑर्डर धर्मशिक्षणाच्या वर्गाची आहे: नाताळची लाल चांदणी आणि तिच्यात अडकवलेली साखरेची लाल-पांढरी काठी. टीचरनी काठ्यांचं खोकं कालच पाठवलं, ते बरं झालं. खाऊ हातात आल्याशिवाय मी कागद कापायच्या मशीनला हात लावत नाही. तयार डिझाइनच्या फाइली कुणाच्या काठीवर बेतलेल्या असतात, देव जाणे.

साडेसात. व्हर्नियरने मोजलं. वेष्टनासकट जाडी ८ मिमी. चीर किती ठेवायची, इथे भलेभले फसतात. ८ मिमीच्या चिरेत ही काठी शिरणार नाही. चपट्या बटणाला त्याच्या रुंदीएवढं काज पुरतं, गोल गुंडीला पुरत नाही, तसंच हे. चीर उघडली की तिचे दोन ओठ काठीला वेढा घालतात, म्हणून घेराच्या निम्मी लांबी हवीच. घेर साधारण २५ मिमी, त्याचा निम्मा साडेबारा. मी १४ ठेवते. वर एक चीर, अडीच सेंटिमीटर खाली दुसरी, आणि मधल्या पट्टीमागून काठी जाते. चिरेच्या दोन्ही टोकांना २ मिमीचं गोल भोक दिलं की तिथून कागद फाटत नाही.

साडेआठ. कागद २२० जीएसएमचा, गाभ्यापर्यंत लाल. वरून छापलेला लाल स्वस्त पडतो, पण कापल्यावर कडेला पांढरी रेघ दिसते आणि चांदणी उसवल्यासारखी वाटते. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पाहिला. ग्रेन काठीला समांतर हवा, म्हणजे पट्टी गोलाईवर सहज वळते आणि चीर आडवी फाटायलाही कचरते.

९ वाजता चाचणीचा तुकडा कापला, मग खरं काम सुरू. ए-४ कागदावर ९ सेंटिमीटरच्या सहा चांदण्या बसतात. चिकट मॅटवर कागद रोलरने दाबून घेतला. मशीनला आधी चिरा आणि भोकं कापायला लावायची, बाहेरची कड शेवटी. उलट केलं तर सुटी झालेली चांदणी पात्याबरोबर सरकते. कापून झालं की मॅट पालथी घालून तिलाच कागदावरून सोलायचं. कागद ओढला की त्याला वाक येतो, तो जन्माचा.

१ वाजता जेवण. दुपारभर तेच: लाव, काप, सोल.

साडेचार. भोकांतले लाल ठिपके टोच्याने काढतेय. कंटाळवाणं काम आहे, पण मशीन हे करत नाही. शेजारची मुलं ठिपके गोळा करून नेतात, गोठ्याच्या सजावटीला.

६ वाजता टीचर आल्या. काठी घातलेली चांदणी उलटी धरून त्यांनी जोरात झटकली. काठी जागची हलली नाही.

"संक्रांतीला तिळाच्या वडीसाठी असंच काही करशील?"

"वडीचं तूप कागदाला लागेल, आत बटर पेपर घालावा लागेल. आधी एक वडी आणून द्या, मोजते."