हॉटेलातील सेवकाचे मन

एकाच हॉटेलात, एकाच पगारावर दोन वेटर काम करीत असतात. एकजण पाहुण्याचा पेला रिता होण्यापूर्वीच पाणी घेऊन हजर होतो. दुसऱ्यास तीनदा हाक मारावी लागते. पहिला कामसू व दुसरा आळशी, असा निवाडा करून आपण मोकळे होतो. परंतु मनुष्याचे चित्त कामात का रमते व कामावरून का उडते, ह्याविषयी मानसशास्त्रज्ञांनी जो विचार केला आहे, तो ध्यानी घेतला असता हा निवाडा घाईचा ठरतो. गोव्यातील व इतर शहरांतील हॉटेलांत आपल्या कितीतरी कुटुंबांतील मुलेमुली चाकरी करतात. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच म्हणावयास हवा.

विल्यम कान ह्या अमेरिकन संशोधकाने १९९० साली ह्या विषयावर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मते कामात जीव ओतण्यापूर्वी मनुष्य नकळत स्वतःस तीन प्रश्न विचारतो. ह्या कामास काही अर्थ आहे काय? येथे मोकळेपणाने वागल्यास मला अपाय तर होणार नाही ना? आणि तेवढे बळ मजपाशी उरले आहे काय? कान ह्यांनी निरीक्षण केले ते उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शकांचे व वास्तुशिल्पाच्या कचेरीतील मंडळींचे. तथापि हे प्रश्न हॉटेलाच्या धंद्यासही तंतोतंत लागू पडतात.

पहिला प्रश्न अर्थाचा. चादरी बदलणे, ताटे उचलणे ही कामे रोज तीच ती. परंतु आपल्या हातून कोणा थकल्या प्रवाशास विसावा मिळतो, ही जाणीव झाली की त्याच कामाची प्रतिष्ठा वाढते. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलावर २६ नोव्हेंबर २००८ रोजी अतिरेक्यांनी हल्ला केला, तेव्हा पळून जाण्याच्या वाटा ठाऊक असूनही तेथील नोकरवर्ग पाहुण्यांस सोडून गेला नाही. कित्येकांनी प्राण वेचले. ह्या वर्तनाचा पुढे अभ्यास झाला, त्यात असे दिसून आले की, तेथे नव्या माणसांस दीड वर्ष शिक्षण दिले जाई, पाहुण्याच्या हिताचा निर्णय वरिष्ठांस न विचारता घेण्याची मुभा असे आणि चांगल्या कामाची दखल विनाविलंब घेतली जाई. ज्याच्यावर विश्वास टाकला जातो, तो त्या कामास आपले मानू लागतो.

दुसरा प्रश्न निर्धास्तपणाचा. विल्यम फूट व्हाइट ह्या समाजशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकात शिकागो येथील उपाहारगृहांची पाहणी केली. वाढणाऱ्या मुली आचाऱ्यांस ओरडून मागण्या सांगत. वरचढ समजल्या जाणाऱ्या आचाऱ्यांस हे हुकूम रुचत नसत आणि त्यातून खटके उडत. इकडे गिऱ्हाईक चिडलेले, तिकडे भटारखाना रुसलेला, वरून देखरेख करणाऱ्याचा धाक. मुलींस रडू कोसळे. त्यावर एक साधा उपाय गुणकारी ठरला. मागणीची चिठ्ठी तारेत खोचून ठेवावयाची व आचाऱ्याने ती क्रमाने उचलावयाची. हुकूम करणारा आवाज मधून गेला आणि तंटा उणावला. दोष त्या मुलींच्या स्वभावात नव्हता, कामाच्या रचनेत होता.

तिसरा प्रश्न बळाचा. आर्ली हॉखशील्ड ह्या विदुषीने विमानातील परिचारिकांचा अभ्यास करून १९८३ साली ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. मनात दुःख असता चेहऱ्यावर हसू ठेवणे हेही श्रमच होत. ओझे वाहून जशी पाठ दुखते, तसे ह्या श्रमाने मन शिणते. हॉटेलातील नोकरास हे हसू रोज पुरवावे लागते. त्यातच पाळ्या अवेळी, झोप अपुरी. नाताळात सारे घर एकत्र जमते, नेमकी तेव्हाच गोव्यातील हॉटेले पाहुण्यांनी फुलून जातात व घरच्या पंगतीतील एक पाट रिकामा राहतो. अशा माणसाने कामावर उत्साह दाखवावयाचा, तर त्यास विश्रांती हवी, ठरलेली सुटी हवी आणि घरच्यांची समजूतही हवी.

चालक व मॅनेजर ह्यांनी ह्यावरून घ्यावयाचा बोध उघड आहे. पगार व बक्षिशी ह्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पोट भरल्यावाचून मन रमत नाही. परंतु चारचौघांत अपमान करून वर प्रसन्न मुद्रेची अपेक्षा करणे हे बी न पेरता पिकाची वाट पाहण्यासारखे आहे.

आपणही कधी पाहुणे असतोच. वेटरला ‘ए’ म्हणून हाक मारावी की आदराने बोलवावे, एका चुकीसाठी मॅनेजरकडे धाव घ्यावी की त्याच्याशीच चार शब्द बोलावे, हे आपल्या हाती असते. आणि आपल्या घरचा मुलगा रात्रपाळी करून उजाडता परतला, तर पगाराच्या चौकशीपूर्वी त्याचा दिवस कसा गेला, हे विचारावे. दिवसभर परक्यांचे मन राखून आलेल्या त्या माणसाचे मन राखणारे कोणी घरी असावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.